पाव किलोवर उडणारा फुगा: बलून राईडला जाण्याआधी एवढं वाचून जा

तुर्कीचं बुकिंग झालं त्या संध्याकाळी आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी तिला मोबाईलवर कॅपाडोशियाचा व्हिडिओ दाखवला, सूर्य उगवतोय आणि शंभरेक रंगीत फुगे डोंगरांवर तरंगतायत तो. तिने चष्मा सारखा करून शेवटपर्यंत बघितला आणि एवढंच म्हणाली, "चढाले ते चढी जातस, पन खाले कसं उतरतस?"

मला उत्तर आलं नाही. म्हणजे गरम हवा वर जाते एवढं सगळ्यांना माहिती असतं, शाळेत शिकलोय, पण खाली कसा येतो, वळवतात कसा, ब्रेक असतो का, आणि हे सगळं भल्या पहाटे थंडीत कुडकुडतच का करायचं, दुपारी निवांत जेवून का नाही, यातलं मला धड काहीच सांगता येईना. मग वाचत गेले, राईड केली, तिथल्या पायलटला विचारून विचारून भंडावून सोडलं. आता जळगाव-धुळ्याकडून कुणी ना कुणी कायम पुष्कर, जयपूर नाहीतर तुर्कीला निघालेलं असतं आणि सगळ्यांचे प्रश्न आईसारखेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपण फुगा म्हणतो म्हणून वाटतं की वाढदिवसाच्या फुग्यासारखी आत हवा दाबून भरलेली असेल, किंवा तव्यावरच्या फुलक्यासारखी आतून वाफ ढकलत असेल. तसं काही नाही. फुलका बंद असतो, हा फुगा खालून सताड उघडा असतो, तोंड एवढं मोठं की माणूस उभा आत चालत जाईल. आत दाब जवळपास बाहेरच्याइतकाच. त्यामुळे कुठे बारीकसं भोक पडलं तर फट्कन फुटून खाली येईल ही भीती सोडून द्या, थोडी हवा निघून जाईल आणि पायलट थोडा जास्त गॅस जाळेल, बस.

मग उचलतं कोण? इथे माझा आवडता हिशोब येतो, कारण तो एकदा कळला ना की बाकी सगळं आपोआप उलगडत जातं.

गच्चीवर पाण्याची हजार लिटरची टाकी असते, ती डोळ्यांसमोर आणा. ती रिकामी आहे असं आपण म्हणतो पण तिच्यात हवा असते आणि हवेलाही वजन असतं. २० अंश तापमानाला त्या टाकीतली हवा भरते साधारण १.२ किलो. आता तीच हवा तापवून १०० अंशावर नेली, टाकी उघडी आहे, तर हवा प्रसरण पावते, काही बाहेर निघून जाते आणि आत उरते साधारण ९५० ग्रॅम. फरक किती? पाव किलो. बास, एवढंच. एका टाकीमागे पाव किलो वजन उचललं जातं, बाजारात मिरच्या घेतो तेवढं. पाण्यात लाकूड जसं वर येतं तसं हलकी हवा जड हवेत वर येते, आणि तिच्यासोबत पाव किलो ओझं घेऊन येते.

पाव किलोत माणूस कसा उचलणार? तर अशा तीन हजार टाक्या एकत्र करायच्या. चार-पाच माणसांचा फुगा साधारण तेवढ्याच मापाचा असतो, ३००० घनमीटर. तीन हजार गुणिले पाव किलो म्हणजे साडेसातशे किलो. त्यातून कापड, टोपली, बर्नर, गॅसची सिलेंडरं यांचं वजन वजा करा, ते तीनशे-चारशे किलोत जातं, उरलं त्यात पायलट धरून चार-पाच जण. कॅपाडोशियात एका टोपलीत वीस-पंचवीस माणसं घेतात, म्हणून तिथले फुगे याच्या तिप्पट-चौपट मोठे असतात. बुकिंग करताना तुमचं वजन विचारतात ना, लाजू नका आणि कमी सांगू नका, कारण सगळा कारभार पाव किलोवर चाललेला आहे.

आता हाच हिशोब आपल्या खान्देशात लावून बघा, मजा येते. जानेवारीची पहाट, धुळ्यात पारा ५ अंशावर आलाय, सगळे शेकोटीला बसलेत. बाहेरची हवा थंड म्हणजे जड, त्या टाकीत ती पावणेतेराशे ग्रॅमच्या आसपास भरते. आत फुग्यात तीच १०० अंशाची हवा. फरक झाला ३२० ग्रॅम. आता मे महिन्यातली भुसावळची दुपार घ्या, ४३ अंश, डांबर वितळतंय. बाहेरचीच हवा तापून हलकी झालेली, टाकीत भरते जेमतेम ११२० ग्रॅम. फरक राहिला १७० ग्रॅम. म्हणजे जानेवारीत जो फुगा साडेनऊशे किलो उचलेल तोच मे महिन्याच्या दुपारी पाचशेच्या आसपास उचलेल, जवळपास निम्म्यावर आला. मग गॅस जास्त जाळून आत दीडशे अंश करा ना, असं माझ्या भावाने विचारलं. करता येत नाही, कारण कापड नायलॉनचं असतं, साधारण १२० अंशाच्या पुढे जाऊ देत नाहीत, त्याने कापडाचं आयुष्य संपतं. फक्त खालचा घेर, जिथे ज्योतीची धग सरळ लागते, तो आग सहन करणाऱ्या वेगळ्या कापडाचा असतो.

म्हणजे फुग्याला गरम हवा लागते त्यापेक्षा जास्त बाहेरची थंड हवा लागते. पहाटेचं एक कारण तर इथेच मिळालं. पण खरं कारण हे नाही, ते पुढे सांगते.

गंमत म्हणजे ज्यांनी पहिला फुगा उडवला त्यांनाही कारण माहिती नव्हतं. फ्रान्समधल्या आनोने गावचे माँगोल्फिए बंधू, घरचा धंदा कागद बनवायचा. त्यांना वाटायचं की धुरातच काहीतरी खास आहे जे वर उचलतं, म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करायचे. ४ जून १७८३ ला त्यांनी गावात सगळ्यांसमोर फुगा उडवला. मग सप्टेंबरात व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा टोपलीत घालून उडवले, कारण एवढ्या वर गेल्यावर जीव जगतो का हेच कुणाला माहिती नव्हतं. तिघं सुखरूप उतरले. आणि २१ नोव्हेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं पहिल्यांदा दोरी न बांधलेल्या फुग्यातून उडाली, साधारण पंचवीस मिनिटं. विचार करा, विमानाच्या आधी एकशे वीस वर्षं. वर असताना कापडाला ठिणग्या लागून छिद्रं पडत होती आणि ते ओल्या स्पंजाने विझवत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हायड्रोजन भरलेला, आत माणूस नसलेला एक फुगा पॅरिसबाहेरच्या गोनेस गावात पडला तर गावकऱ्यांना वाटलं राक्षसच आलाय, त्यांनी तो शेतीच्या अवजारांनी फाडून टाकला. त्यांना हसू नये, आपल्या शिवारात असं काही सळसळत उतरलं असतं तर आपणही दांडकं घेऊनच धावलो असतो.

पेंढा जाळायचा म्हणजे ओझं फार आणि आग हातात राहत नाही, म्हणून ही गोष्ट नंतर मागेच पडली. आज आपण बसतो तो फुगा आणला अमेरिकेच्या एड योस्टने, २२ ऑक्टोबर १९६० ला, नेब्रास्का राज्यातल्या ब्रूनिंगला. त्याने नायलॉनचं कापड घेतलं आणि प्रोपेन गॅसचा बर्नर लावला, म्हणजे पाहिजे तेव्हा आग, नको तेव्हा बंद. आपल्या महाराष्ट्राचंही नाव यात आहे. उद्योगपती विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून उडाले, बंद कॅप्सूलमध्ये बसून जवळपास २१ किलोमीटर उंचीवर गेले, जागतिक विक्रम केला, आणि उतरले कुठे तर आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात. विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात, हे त्याच्या दुप्पट.

बर्नर जवळून बघाल तर लक्षात येईल की ज्योतीभोवती नळीची वेटोळी असतात. सिलेंडरमधून गॅस पातळ स्वरूपात येतो, त्या तापलेल्या वेटोळ्यांतून जाताना त्याची वाफ होते आणि मग पेटतो, म्हणजे ज्योत स्वतःच स्वतःचं इंधन तयार करून घेते. आवाज मात्र भयंकर, घरातल्या शेगडीशी तुलनाच नाही. छोट्या फुग्यालासुद्धा तासाभरात आपल्या १४.२ किलोच्या दोनेक सिलेंडरएवढा गॅस लागतो, मोठ्याला त्याच्या कितीतरी पट.

आता पहाटेचं खरं कारण. ते समजून घ्यायला तुर्कीला जायची गरज नाही, डिसेंबरात आपल्या कुठल्याही गावाबाहेर उभं राहा. भरीत पार्टीला रात्री शेतात काड्यांवर वांगी भाजतात तेव्हा धूर बघितलाय का कुठे जातो? सरळ आभाळात जात नाही. थोडा वर चढतो, झाडाच्या शेंड्यापर्यंत, आणि मग कुणी अडवल्यासारखा आडवा पसरतो. पहाटे तर अख्ख्या गावावर धुराची पांढरी चादर पसरलेली दिसते, हलत नाही डुलत नाही. का? कारण रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून गार पडते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि वरची हवा त्यामानाने गरम राहते. खाली जड, वर हलकी. अशी रचना असली की हवा ढवळली जात नाही, जागच्या जागी बसून राहते, हौदातल्या गाळ खाली बसलेल्या पाण्यासारखी. फुग्याला अशी बसलेली हवा हवी असते.

मग सूर्य वर येतो. आपली काळी माती ऊन कसं पिते हे सांगायला नको. आठ-नऊ वाजेपर्यंत जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून बुडबुड्यांसारखी ठिकठिकाणाहून वर सुटायला लागते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते. घारींकडे लक्ष द्या, पहाटे त्या झाडावर गप्प बसलेल्या असतात आणि नऊ-दहाच्या पुढे पंख न हलवता गोल गोल चढत जातात, त्या या वर जाणाऱ्या हवेवरच चढतात. आणि मे महिन्यात कापणी झालेल्या रिकाम्या वावरात भर दुपारी वावटळ उठते, पाचोळा, धूळ, कॅरीबॅग सगळं गरगर फिरवत नेते, तो याच प्रकाराचा थोरला भाऊ. घारीला चालतं, तिला पंख आहेत. पायलटच्या हातात फक्त गॅसची मूठ आणि हवा सोडायची दोरी आहे, अशा हवेने फुगा अचानक वर खेचला किंवा खाली दाबला तर त्याच्याकडे उपाय फार थोडे राहतात. म्हणून सूर्योदयाच्या आसपास उडायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. सूर्योदय सुंदर दिसतो हा बोनस आहे, कारण नाही. संध्याकाळी उन्हं कलल्यावरही काही ठिकाणी उडतात, तेव्हाही हवा शांत होत आलेली असते, पण पहाटेची हवा जास्त भरवशाची.

आता वळवायचं कसं. तर वळवता येत नाही. सुकाणू नाही, इंजिन नाही, पंखा नाही. फुग्याला बाजूने काही फटी असतात, त्या दोरीने उघडल्या तर फुगा स्वतःभोवती फिरतो, त्याने फक्त टोपलीचं तोंड बदलतं, म्हणजे तुम्हाला दुसरीकडचं दृश्य दिसतं. जायचं कुठे ते वारा ठरवतो.

पण यातच खरी कला आहे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना काय होतं? खाली वारा नाही म्हणून पतंग गोते खात असतो, कुणीतरी लांब जाऊन ढील देतं, हात-हात करत वर चढवतो, आणि एका उंचीला गेला की मांजा एकदम ताणला जातो. कधीकधी वर गेल्यावर पतंगाची दिशाच बदलते. म्हणजे वारा एक नाही, थरांवर थर आहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा, दिशा वेगळी. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पठारावर पवनचक्क्या बघितल्या असतील, एवढे उंच खांब उगीच उभे केलेले नाहीत, जमिनीजवळ झाडं, घरं, टेकड्या वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा असतो. पृथ्वीच्या आपल्या अर्ध्या भागात तर उंच जाल तसा वारा बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो. आणि डोंगराळ भागात रात्री गार झालेली जड हवा पाण्यासारखी उतारावरून खोऱ्यात वाहते, सातपुड्याच्या पायथ्याला यावल-चोपड्याकडे थंडीत पहाटे डोंगराकडून गार झुळूक येते ना, तीच.

पायलट काय करतो, तर निघायच्या आधी अंधारातच एक लहानसा फुगा सोडतो, त्याला छोटा दिवा असतो, आणि तो कुठल्या उंचीला कुठे वळतो ते बघत बसतो. मग डोक्यात नकाशा तयार. डावीकडे जायचंय, तर डावीकडे वाहणारा थर दोनशे फुटांवर आहे, तिथे उतरायचं. गावाकडे परत यायचंय, तर वरच्या थरात चढायचं. आमचा पायलट दरीत एवढा खाली गेला की जर्दाळूच्या झाडाचं पान हाताला लागेल असं वाटलं, आणि मग खडकाला घासतोय घासतोय म्हणता म्हणता अलगद वर उचलून बाहेर काढला. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण बर्नर दाबला की फुगा लगेच उठत नाही. तीन हजार टाक्यांच्या लहान फुग्यातसुद्धा जवळपास पावणेतीन टन हवा कोंडलेली आहे, तिचं, आपलं आणि सामानाचं मिळून साडेतीन टन वजन हलवायचंय. केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली आठवा, ट्रॅक्टर ओढायला लागला तरी क्षणभर ती जागची हलत नाही, आणि एकदा सुटली की ब्रेक मारल्यावरही थांबत नाही. फुग्यालाही बर्नर दाबल्यावर काही सेकंद जातात. म्हणजे पायलट आत्ताचा विचार करतच नाही, दहा-पंधरा सेकंद पुढचा करतो, सतत.

आणि याच्यामुळेच मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती आता सांगते.

आमची राईड पहिल्या दिवशी रद्द झाली. पहाटे साडेतीनला उठलो, आंघोळी केल्या, चार वाजता गाडीत बसलो, मैदानापर्यंत गेलो, अर्धा तास थांबलो आणि मग निरोप आला की आज नाही. आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसतायत, खाली पानही हलत नाही. आमच्या ग्रुपमधल्या काहींनी तिथेच आवाज चढवला, एवढे पैसे घेता, वारा कुठे आहे, तो बघा समोर, आम्हाला मूर्ख समजता का. तो गाईड पोरगा बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. मला तेव्हाच खूप वाईट वाटलं आणि आता तर जास्तच वाटतं, कारण निर्णय त्याचा नव्हताच. कॅपाडोशियात तुर्कीच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडून ठरतं, हवामान बघून हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा लागतो. लाल असला की कुठल्याच कंपनीचा फुगा उडत नाही. खाली पान हलत नव्हतं ते वरच्या थराबद्दल काहीच सांगत नव्हतं, पतंगाचं उदाहरण वर दिलंच आहे.

जे झालंय ते माहिती असावं, घाबरवायला नाही सांगत. २६ फेब्रुवारी २०१३ ला इजिप्तमध्ये लक्सरला उतरताना फुग्याला आग लागली, १९ माणसं गेली. न्यूझीलंडमध्ये कार्टर्टनला ७ जानेवारी २०१२ ला आणि अमेरिकेत टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ ला फुगे विजेच्या तारांना लागले, पहिल्यात ११ आणि दुसऱ्यात १६ जण गेले, कुणीच वाचलं नाही. ब्राझीलमध्ये जून २०२५ ला पुन्हा आग, ८ जण. फुगे जगभर रोज उडतात आणि बहुतेक सगळे सुखरूप उतरतात, पण जे बिघडतं ते बघितलं तर पुन्हा पुन्हा तेच दिसतं, तारा, आग आणि खराब हवा. लॉकहार्टच्या चौकशीत तर हवा वाईट होत असताना उड्डाण केल्यावर बोट ठेवलं गेलं. म्हणून हात जोडून सांगते, रद्द म्हटलं की रद्द. गाईडवर ओरडू नका, जास्त पैसे देतो म्हणू नका, आणि कुणी "चला, काही होत नाही, उडवून देतो" म्हणालं तर त्याच्यासोबत अजिबात जाऊ नका. नाही म्हणणारा पायलट चांगला पायलट असतो.

म्हणून प्लॅन करताना पहिल्याच सकाळी बलून ठेवा आणि पुढे दोन सकाळी मोकळ्या सोडा, शेवटच्या दिवशी ठेवला आणि हवा बिघडली तर संपलं. हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. प्रवास विम्यात बलून धरलाय का बघा, बऱ्याच विम्यांत नसतो. भारतात करणार असाल, जयपूर, पुष्कर, लोणावळ्याजवळ कामशेत, किंवा तामिळनाडूत पोल्लाचीला जानेवारीत फुग्यांचा मोठा मेळा भरतो तिथे, तर पायलटकडे डीजीसीएचं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याचं, बलूनचं लायसन्स आहे का हे सरळ विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि जत्रेत-महोत्सवात दोरीला बांधलेला फुगा वर-खाली करतात तो वेगळा प्रकार, दहा मिनिटांत संपतो, दोन्हीचे दर एक समजू नका.

कपड्यांचं थोडक्यात: टोपली छातीएवढी उंच असते, दार नसतं, बाजूला पाय ठेवायला भोकं असतात त्यातून चढायचं. साडीत ते जमत नाही. आईने आयुष्यात पहिल्यांदा माझा पंजाबी ड्रेस घातला, वर स्वेटर, कानटोपी, पायात बूट. कानटोपी थंडीसाठी लागतेच पण बर्नरची धग डोक्यावर येते त्यासाठीही बरी. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेलं, गुडघ्याचा किंवा मणक्याचा मोठा त्रास असलेलं माणूस यांनी जाऊ नये. आणि लहान पोरं टोपलीच्या काठापेक्षा बुटकी असतील तर त्यांना वेताशिवाय काही दिसत नाही, थोडी मोठी होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी हिरवा झेंडा मिळाला. फुगा आधी जमिनीवर आडवा पसरलेला असतो, मोठ्या पंख्याने गार हवा भरतात, मग आडवी ज्योत आत सोडतात आणि तो हळूहळू कुशीवरून उठून उभा राहतो, अंधारात आतून पेटल्यासारखा दिसतो. वर गेल्यावर सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वारा लागत नाही याचं. एवढं उंच, केसाची बट हलत नाही, कारण आपण वाऱ्यासोबतच चाललेलो असतो, नदीत वाहणाऱ्या पानाला पाणी वाहतंय हे कळत नाही तसं. बर्नर बंद असला की एवढी शांतता असते की खालच्या गावातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. उंचीची भीती मला गच्चीच्या कठड्याशीसुद्धा वाटते, तिथे वाटली नाही, खाली जमिनीपर्यंत जाणारी भिंत डोळ्याला दिसत नाही म्हणून असेल. खाली ज्वालामुखीच्या राखेचे मऊ खडक, पावसा-वाऱ्याने झिजून सुळके झालेले, त्यात माणसांनी कोरलेली घरं आणि चर्च, आणि सूर्य आला तेव्हा सगळ्यांवर एकदम गुलाबी रंग चढला. नाना, म्हणजे माझे वडील, एक शब्द बोलले नाहीत, नुसते काठाला धरून उभे होते.

आता आईचा प्रश्न, उतरायचं कसं. वरच्या टोकाला कापडाची एक मोठी गोल झडप असते, आतल्या हवेच्या दाबाने ती जागच्या जागी बसलेली राहते. पायलटने दोरी ओढली की ती खाली येते, वरून गरम हवा निघून जाते आणि पाव किलोचा हिशोब बिघडतो, फुगा खाली यायला लागतो. दोरी सोडली की झडप पुन्हा बसते. किंवा नुसता बर्नर बंद ठेवला तरी हवा निवत जाते आणि तो उतरतो. म्हणजे चढणं-उतरणं दोन्ही पायलटच्या हातात आहे, फक्त आडवं जाणं नाही. म्हणून कुठे उतरणार हे नक्की नसतं आणि खाली ट्रॉली जोडलेली एक गाडी रेडिओवर बोलत बोलत फुग्यामागे धावत असते, शेतातून, कच्च्या रस्त्याने. कॅपाडोशियाचे मुरलेले पायलट टोपली थेट त्या ट्रॉलीवरच उतरवतात, खालची पोरं दोऱ्या धरून ओढून घेतात. पण वारा असला तर टोपली आपटते, घसरते, कधी आडवीही होते, त्यात घाबरायचं नाही, टोपली वेताची असते ती त्याचसाठी, वेत वाकतो आणि दणका पोटात घेतो, लोखंड असतं तर आपल्या मणक्यात आलं असतं. उतरताना पायलट सांगेल तसं गुडघे वाकवून, जायच्या दिशेकडे पाठ करून, आतल्या दोरीच्या कड्या घट्ट धरून बसायचं, मोबाईल खिशात.

आणि टोपली टेकली तरी सांगितल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. सगळ्यात जास्त चूक लोक इथे करतात. फुग्यात अजून गरम हवा आहे, एक सत्तर किलोचा माणूस उतरला म्हणजे पावणेतीनशे टाक्यांचं ओझं कमी झालं, उरलेल्यांना घेऊन फुगा पुन्हा उचलला जाऊ शकतो. ही गोष्ट मी आईला आदल्या रात्री हॉटेलात समजावून सांगितली होती, टाकी, पाव किलो, सगळं, ती हो हो म्हणत झोपून गेली होती आणि मला वाटलं काही पोचलं नाही.

ट्रॉलीवर टोपली टेकली, धपकन आवाज झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नाना उठून भोकात पाय ठेवायला लागले. आईने मागून त्यांचा स्वेटर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, "थांबा ना! तुम्ही उतरनात ते फुगा परत उडी जाई!"

पायलटला काही कळलं नाही, मी त्याला अर्थ सांगितला. त्याने वरची झडप पूर्ण उघडली, फुगा हळूहळू एका बाजूला कलत मैदानावर निजला, मग त्याने सगळ्यांच्या आधी आईला हात देऊन खाली उतरवलं.